घरांतील प्रिंटर : निदान आधीं, उपचार मागून

पूर्वीं सुशिक्षितांच्या घरीं दौत-टाक असे, पुढें फाउंटन पेन आलें. आतां त्याच कोपऱ्यांत ज्यास इंकजेट म्हणतात तो प्रिंटर येऊन बसला आहे. मुलांचे प्रवेशअर्ज, शेताचा सातबारा, आजोबांच्या औषधांची यादी, मुंजीचें निमंत्रण, अशीं एकत्र कुटुंबाचीं कितीतरी कामें त्याजवर अवलंबून असतात. आणि नेमका अर्जाच्या शेवटच्या दिवशीं तो कोरा कागद बाहेर टाकतो! मग घरांतील प्रत्येकजण वैद्य बनतो. एकजण यंत्रास थापट्या मारतो, दुसरा सफाईची आज्ञा दहा वेळां देतो, तिसरा नवें कार्ट्रिज आणावयास बाजारांत धांवतो. आपल्या आयुर्वेदांत माधवकरानें केवळ रोगांच्या निदानावर स्वतंत्र ग्रंथ रचला, तो उगीच नव्हे. रोग ओळखल्यावांचून दिलेलें औषध यंत्रासही बाधतें.

प्रथम ह्या यंत्राची रचना पाहूं. केसाहूनही बारीक छिद्रांच्या रांगा असलेलें एक 'हेड' कागदावरून ये-जा करतें व त्या छिद्रांतून शाईचे सूक्ष्म थेंब उडतात. थेंब उडविण्याच्या रीति दोन आहेत. पहिली उष्णतेची. १९७७ सालीं जपानांतील कॅनन कंपनीचे संशोधक इचिरो एंदो ह्यांच्या प्रयोगांत डाग देण्याची तापलेली सळई शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईस लागली, आणि सुईंतून शाई उडाली. त्या निरीक्षणांतून कॅननची ही रीत निघाली. छिद्रामागील तापक क्षणार्धांत तापतो, शाईची वाफ होऊन बुडबुडा फुगतो व थेंब बाहेर ढकलला जातो. दुसरी रीत स्फटिकाची. कांहीं स्फटिक दाबले असतां वीज उत्पन्न होते, हें क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. उलटपक्षीं वीज दिली असतां असा पदार्थ किंचित् वांकतो व थेंब लोटतो. एच.पी. व कॅनन ह्यांच्या घरगुती यंत्रांत पहिली रीत असते, एप्सनच्या यंत्रांत दुसरी.

हा भेद केवळ पांडित्याचा नाहीं. पहिल्या प्रकारच्या पुष्कळ यंत्रांत हेड कार्ट्रिजलाच जडलेलें असतें, म्हणून कार्ट्रिज बदललें कीं हेडही नवें होतें. एप्सनच्या यंत्रांत तें कायमचें बसविलेलें असतें. तें बिघडलें तर खर्च मोठा.

आतां आपल्या परभणीकडे वळूं. चैत्र-वैशाखांत येथें पारा चाळीस अंशांच्या वर चढतो व हवा कोरडी होते. परीक्षा आटोपून मुलें आजोळीं जातात आणि यंत्र महिना-दीड महिना बंद पडून राहतें. शाईंतील पाणी उडून जातें, रंगद्रव्य छिद्रांत थिजतें. जूनमध्यें प्रवेशाच्या धांदलींत यंत्र उघडावें, तों तोंडें बंद! फाउंटन पेन वापरलेल्या पिढीस ही गोष्ट नवी नाहीं. शाई भरून ठेवलेलें पेन सुट्टींत असेंच अडत असे.

निदानाचा क्रम पुढीलप्रमाणें ठेवावा. यंत्रावर छायाप्रत काढण्याची सोय असेल तर संगणकाशिवाय एक प्रत काढावी. ती नीट आली तर दोष यंत्रांत नसून संगणकांत, तारेंत वा वायफायमध्यें आहे. ती बिघडली तर यंत्राच्या यादींतील 'नोझल चेक' हें चांचणीचें पान छापावें. वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखें तें आहे. एखाद्या रंगाच्या रेघा दर वेळीं त्याच जागीं तुटत असतील तर तेथें शाई सुकली आहे. तुटण्याची जागा दर वेळीं बदलत असेल तर बहुधा नळींत हवा शिरली आहे, किंवा शाई पुरेशी पोंचत नाहीं. रेघा पूर्ण पण उभ्या ओळी दुहेरी दिसत असतील तर हेडची मांडणी, म्हणजे 'अलाइनमेंट', चुकली आहे. आणि चांचणी निर्दोष असून चित्र फिकें येत असेल, तर कागदाचा प्रकार चुकीचा निवडला गेला असावा.

उपचार रोगाप्रमाणें. सुकलेल्या शाईवर सफाईची आज्ञा दोन-तीन वेळांच द्यावी, नंतर यंत्रास रात्रभर विसांवा द्यावा व पुन्हा चांचणी घ्यावी. हवा शिरली असेल तर हा विसांवाच मुख्य औषध. प्रत्येक सफाईंत चांगली शाई शोषली जाऊन यंत्राच्या तळच्या गादींत मुरते. ती गादी भरली कीं बरींच यंत्रें छापणेंच नाकारतात. हेड कार्ट्रिजवरच असेल तर सूत न सुटणारें फडकें कोमट ऊर्ध्वपातित पाण्यानें ओलें करून त्यावर हेडचें तोंड मिनिटभर हलकेंच टेंकवावें. बोअरचें क्षारयुक्त पाणी मात्र वापरूं नये. पाणी सुकतें व क्षार छिद्रांत राहतात. कागद ओढला जात नसेल तर रबरी रोलरवरील धूळ ओलसर फडक्यानें पुसावी. पावसाळ्यांत दमट कागद एकमेकांस चिकटतात, म्हणून ते फडफडवून घालावेत.

दोन पथ्यें घरांतील सर्वांनीं पाळावीं. एक, यंत्र त्याच्या स्वतःच्या बटनानेंच बंद करावें. भिंतीवरील बटन दाबलें असतां, किंवा छापतांना वीज गेली असतां, हेड आपल्या झांकणाखालीं परतत नाहीं व उघड्यावर सुकतें. वीज आल्यावर यंत्र एकदां सुरू करून मग रीतसर बंद करावें. दुसरें, आठवड्यांतून एक रंगीत पान छापावें. सुट्टींत हें काम घरीं राहणाऱ्या आजी-आजोबांकडे सोंपवावें. नातवंडांस चार ओळींचें पत्र छापलें तरी तें साधतें.

एवढें करूनही तोच रंग अडून राहिला, तर मात्र जाणत्या कारागिराकडे जावें. हेड जळलें असेल तर घरच्या उपायांनीं तें सुधारत नाहीं. टाकूनच द्यावयाचें झालें तर प्रिंटर व कार्ट्रिज हीं दोन्ही २०२२ च्या ई-कचरा नियमांत मोडतात, तेव्हां तीं उकिरड्यावर न टाकतां अधिकृत संकलन करणाऱ्याच्या हवालीं करावीं. परंतु पुष्कळदां रोग केवळ शोषाचा असतो. हें ध्यानीं ठेवलें तर नव्या यंत्राचा खर्च वांचेल, आणि मुलांचा अर्जही वेळेवर पोंचेल.