रबरावर टेकलेलं इंजिन

क्लचमधली एक काळी कडी झिजते आणि तिच्यासाठी दोनशे किलोंच्या घरातला ऐवज गाडीच्या पोटातून बाहेर काढावा लागतो. एमजीबी या इंग्लिश स्पोर्ट्स कारची ही तऱ्हा. क्लच बदलायचा तर बऱ्याच जुन्या गाड्यांत खाली शिरून गिअरबॉक्स तेवढा उतरवतात. एमजीबीचा गिअरबॉक्स मात्र खालून निघतच नाही. त्याची वाट पुढून, इंजिनाच्या जागेतून. म्हणजे आधी इंजिन हललं पाहिजे. आणि इंग्लंडात हौशी लोक हे काम घरच्या गॅरेजात, एखाद्या मित्राला हाताशी घेऊन करतात.

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या गाड्या तयार झाल्या, पाच लाखांहून जास्त. गाडी परकी असली तरी तिचं इंजिन आपल्या ओळखीचं आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ज्या ‘बी सीरिज’ घराण्यातलं ते आहे, त्याच घराण्यातलं इंजिन आपल्या ॲम्बॅसडरमध्ये वर्षानुवर्षं चाललं. ॲम्बॅसडरचं १४८९ सीसी, एमजीबीचं १७९८. पिस्टनचा वरखाली प्रवास दोन्हींत अगदी सारखा, ८८.९ मिलिमीटर, म्हणजे साडेतीन इंच. फरक आहे तो सिलिंडरच्या रुंदीत. लाल दिव्याच्या पांढऱ्या ॲम्बॅसडरवर ज्यानं हात काळे केलेत, त्या मेकॅनिकला एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर भावकीतलंच कुणी भेटल्यासारखं वाटेल.

बॅटरीच्या तारा सोडवल्या की पहिलं हत्यार हातात घ्यायचं ते पाना नव्हे, पेन्सिल. बॉनेट काढण्याआधी त्याच्या बिजागऱ्यांभोवती बारीक रेघ ओढून ठेवतात. बिजागरीची भोकं बोल्टापेक्षा मुद्दाम सैल असतात, त्यामुळे परत बसवताना बॉनेट दोन मिलिमीटर जरी सरकलं तरी त्याची कड शेजारच्या पत्र्याला घासते. ती रेघ म्हणजे कारखान्यात कुणीतरी हातानं जुळवलेल्या फटीची एकमेव नोंद.

मग पाने. आपल्याकडच्या प्रत्येक पेटीत असणारा बारा-तेराचा पाना इथे घात करतो. या गाडीचे नट इंचांत मोजलेले. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर तेराचा पाना बसतो, पण पॉइंट तीनची ढिलाई राहते. पन्नास वर्षं गंजलेल्या नटावर जोर लावला की तेवढ्या ढिलाईत त्याचे कोपरे गोल होतात आणि साधं काम छिन्नी-हातोड्यावर जातं.

रेडिएटरचं पाणी भांड्यात नीट धरायचं. त्यातलं गोठणविरोधी द्रव्य चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्र्या-मांजरांनी ते चाटलं तर जीव जातो.

आता इंजिनाभोवतीचे धागे एकेक करून सोडवायचे, आणि मला या कामातला सर्वांत लोभस भाग हाच वाटतो. पेट्रोलची नळी, एक्झॉस्ट, ॲक्सिलरेटरची आणि चोकची वायर हे सगळं समजण्यासारखं आहे. पण सुरुवातीच्या एमजीबीत इंजिनापासून डॅशबोर्डाकडे जाणारी एक बारीक नळी दिसते. ऑइल प्रेशरच्या मीटरकडे तिच्यातून तेलाची बातमी जात नाही, खुद्द तेल जातं! इंजिनातलं दाबाखालचं तेल थेट तुमच्या गुडघ्यासमोरच्या मीटरपर्यंत येऊन आतल्या वळलेल्या नळीला ताण देतं आणि काटा सरकतो. शेजारचा पाण्याच्या तापमानाचा काटा तर याहून सुंदर. सिलिंडर हेडमध्ये बोटाच्या पेराएवढा एक बंद फुगा बसवलेला असतो, त्यात ईथर. पाणी तापलं की ईथरची वाफ होते आणि सुतळीहून बारीक तांब्याच्या नळीतून तिचा दाब मीटरला ढकलतो. वीज नाही, सेन्सर नाही. म्हणूनच हा फुगा सोडवताना सगळी घाई बाजूला ठेवायची. आधी नट पूर्ण मोकळा करायचा, फुगा हलक्या हातानं ओढून बाहेर घ्यायचा आणि नळीचं सैलसं वेटोळं करून ते बाजूला बांधून ठेवायचं. नळी एका जागी मुडपून तुटली की ईथर उडून जातं आणि मीटर कायमचा आंधळा होतो.

एवढं सोडवल्यावर वाटतं, आता उरले असतील ते गाडीला इंजिन घट्ट आवळून धरणारे दणकट बोल्ट. तसं काही नसतं. इंजिन दोन बाजूंच्या दोन रबरांवर टेकलेलं आणि शेपटाकडे गिअरबॉक्सखालच्या आडपट्टीवर, तेही रबरावरच. लोखंड लोखंडाला कुठेच थेट भिडत नाही.

हे असं का, ते कळण्यासाठी पिस्टनकडे पाहावं लागतं. चारांपैकी दोन वर जात असताना दोन खाली येतात, म्हणजे धक्के एकमेकांना मारक ठरायला हवेत. पण पिस्टनला ढकलणारा कनेक्टिंग रॉड तिरका होत जातो. त्यामुळे वरच्या टोकापासून क्रँक पाव फेरी फिरतो तेव्हा पिस्टन अर्ध्या वाटेच्या पुढे गेलेला असतो. वरच्या अर्ध्या फेरीत पिस्टन जास्त अंतर कापतो, खालच्या अर्ध्या फेरीत कमी. वरखालीच्या जोडीतला हा उरलासुरला फरक चारही पिस्टनांत एकाच दिशेनं साचतो आणि दर फेरीला दोनदा इंजिनाला हादरा देतो. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर सेकंदाला शंभर हादरे. रबर नसतं तर ते सगळे बसणाऱ्याच्या पाठीत उतरले असते.

रबरानं हादरे अडवले, पण त्याबरोबर वीजही अडवली. गाडीचा पत्रा हा बॅटरीचा परतीचा रस्ता असतो, आणि इंजिन तर रबरावर अधांतरी. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये विणलेल्या तारेची एक पट्टी जोडतात, अर्थिंगची. काम संपवून इंजिन परत बसवताना विसरायला सगळ्यांत सोपी वस्तू हीच. ती विसरून चावी फिरवली तर स्टार्टरला लागणारे शंभराहून जास्त अँपियर दुसरी वाट शोधतात. लोखंडी चोकची वायर त्यांना सापडते. बारीकशी ती वायर हिटरच्या कॉइलसारखी लाल होते आणि बॉनेटखालून धूर येतो. एका पट्टीपायी!

सोडवायचं उरतं ते खाली प्रोपेलर शाफ्टचे चार बोल्ट, आतून गिअरचा दांडा, बाहेरून क्लचचा छोटा सिलिंडर. तो नळीसकट दोरीनं बाजूला बांधून ठेवला की ब्रेक ऑइलला हातही लावावा लागत नाही. गाडी जॅकवर नव्हे, लोखंडी घोड्यांवर. आता क्रेन पुढे ओढायची.

या घरगुती क्रेनवर मोठ्या अक्षरांत दोन टन असं लिहिलेलं असतं. ते खरं असतं तिचा हात पूर्ण आत असतानाच. एमजीबीचं इंजिन नाकापासून बरंच मागे बसलेलं, म्हणून हात बाहेर काढावा लागतो, आणि तो शेवटच्या भोकापर्यंत काढला की तीच क्रेन अर्ध्या टनाची होते. क्रेन तीच, लोखंड तेच, फक्त तरफ लांबली. इंजिनासाठी अर्धा टनही भरपूर, पण हे गणित करूनच हूक अडकवायचा.

हूक आणि इंजिन यांच्यात एक आडवी दांडी असते, तिच्यात लांब आट्यांचा स्क्रू आणि टोकाला हँडल. टांगलेली कुठलीही वस्तू आपला गुरुत्वमध्य बरोबर हुकाच्या खाली आणूनच थांबते. हँडल फिरवलं की टांगण्याचा बिंदू चार बोटं पुढे किंवा मागे सरकतो आणि एवढं अजस्र लोखंड मान तिरकी करून नव्या तोलात येतं. दोन बोटांच्या जोरावर! नाक वर, शेपूट खाली, जवळजवळ पंचेचाळीस अंशांत झुकलेलं इंजिन गिअरबॉक्सला पाठीशी घेऊन गाडीच्या मधल्या बोगद्यातून हळूहळू वर सरकतं. एक जण क्रेनचा दांडा हाणतो, दुसरा ते कुठे घासत नाही ना ते पाहतो. इंजिन लोंबत असेपर्यंत त्याच्याखाली कुणाचा हात-पाय जाता कामा नये.

आपले मेकॅनिक याला ‘इंजिन उतरवणं’ म्हणतात. इथे ते वर चढतं. शब्दाशी प्रामाणिक राहते ती जुनी पोर्श ९११. तिचं इंजिन मागच्या बाजूला असतं. चार मोठे बोल्ट सोडवून ते गिअरबॉक्ससकट खाली उतरवतात आणि गाडीच वर उचलून त्याच्यावरून दूर नेतात.

एमजीबीचं इंजिन जमिनीवर आल्यावर गिअरबॉक्स वेगळा करायचा, की ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला ते दिसतं. आठ इंची क्लच प्लेट, आणि तिच्यासमोर ती काळी कडी. इतर बहुतेक गाड्यांत इथे गोळ्यांचं बेअरिंग असतं, एमजीबीत ग्रॅफाइटचं कडं. क्लच दाबला की हे कडं फिरत्या प्लेटवर सरळ घासतं. ग्रॅफाइट स्वतःच वंगणासारखं निसटतं, म्हणून जळत नाही, पण झिजतं. सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची सवय असेल तर भराभर झिजतं. बिजागरीभोवती रेघ ओढणाऱ्या पेन्सिलीत जे आहे, तेच इथे दोनशे किलोंच्या आत दडून बसलेलं.

नवी प्लेट बरोबर मध्यावर बसवतात. गिअरबॉक्सचा दाते पाडलेला शाफ्ट कडीतून, प्लेटमधून पार जाऊन क्रँकच्या टोकातल्या ब्राँझच्या छोट्या बुशात शिरला पाहिजे. गिअरबॉक्स पुढे ढकलला की तो जवळजवळ बसतो आणि बोटभर अंतरावर अडतो. बोल्ट आवळून ओढून घेण्याचा मोह इथे टाळायचा. त्यानं प्लेट वाकते. गिअर टाकायचा, मागे जाऊन प्रोपेलर शाफ्ट जोडायचा फ्लँज हातानं जरासा फिरवायचा. शाफ्टचे दाते प्लेटच्या खाचांसमोर येतात, आणि इतका वेळ हटून बसलेला गिअरबॉक्स तेलकट आवाज करत आपणहून आत सरकतो.