संगीतरत्नाकर आणि रोगनिवारक रागांची यादी

कामशेत येथील आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें गेल्या पावसाळ्यांत एक छापील पत्रक आमच्या हातीं दिलें. त्यांत डाव्या बाजूस रागांचीं व उजव्या बाजूस रोगांचीं नांवें होतीं. दरबारी कानडा नित्य ऐकल्यानें रक्तदाब उतरतो, असेंही त्यांत एक कलम होतें. आधार म्हणून खालीं 'शार्ङ्गदेवकृत संगीतरत्नाकर' एवढाच उल्लेख. अध्याय नाहीं, प्रकरण नाहीं, श्लोकांक नाहीं. या गृहस्थांच्या मातोश्रींनीं त्या पत्रकावर विसंबून डॉक्टरांनीं दिलेल्या गोळ्या दोन महिने बंद ठेविल्या होत्या. "गुरुजी, ग्रंथांत खरोखर असें आहे का? आईला मी काय सांगूं?" असा त्यांचा प्रश्न होता. 'ग्रंथांत आहे' या दोन शब्दांवर काय काय खपविलें जातें, हें पोथ्या जमविणाऱ्या आमच्या वाचकांस सांगावयास नको.

संगीतरत्नाकर पुण्याच्या आनंदाश्रमानें कल्लिनाथाच्या टीकेसह १८९६-९७ सालीं छापला आहे. ग्रंथकार आपल्याच देशचा. त्याचा आजा भास्कर काश्मीरांतून दक्षिणेस आला; स्वतः शार्ङ्गदेव तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं श्रीकरणाचा, म्हणजे हिशेबखात्याचा, प्रमुख होता. आपण औषधें देऊन रोग्यांच्या व्यथा दूर करितों, असेंही त्यानें प्रस्तावनेंत सांगितलें आहे. गायनशास्त्र आणि वैद्यक या दोहोंचा जाणता असा हा पुरुष. रोगनिवारक रागांची यादी लिहावयास याहून योग्य अधिकारी कोण मिळणार? आणि नेमकी त्यानेंच ती लिहिलेली नाहीं.

पहिल्या अध्यायांत पिंडोत्पत्तीचें प्रकरण आहे. गर्भाची वाढ, देहाचे अवयव, चक्रें, नाड्या यांचें वर्णन संगीताच्या ग्रंथांत पाहून नवखा वाचक चकित होतो, आणि पत्रककर्त्यांचा गैरसमज बहुधा येथेंच झाला असावा. परंतु या वैद्यकाचें प्रयोजन निराळें आहे. आत्म्याच्या इच्छेनें मन देहांतील अग्नीस चेतवितें, अग्नि वायूस प्रेरितो, आणि तो वायु वर चढत नाभि, हृदय, कंठ, मूर्धा व मुख या स्थानीं नाद प्रकट करितो. 'न' म्हणजे प्राण व 'द' म्हणजे अग्नि, अशी नाद शब्दाची फोडही दिली आहे. मंद्र हृदयांत, मध्य कंठांत, तार मूर्ध्यांत. हृदयांत बावीस नाड्या, म्हणून श्रुति बावीस. देहापासून नाद कसा उपजतो हें येथें सांगितलें आहे. नादानें देह कसा बरा होतो, हें नव्हे.

रागाध्यायांत २६४ राग मोजले आहेत. त्यांना रस, ऋतु, प्रहर, देवता जोडल्या आहेत. रोग जोडलेले नाहींत. शिवाय दरबारी कानडा हा परंपरेनें अकबराच्या पदरच्या तानसेनाचा मानतात. सोळाव्या शतकांतील राग तेराव्या शतकांतील ग्रंथाच्या नांवावर घालणें म्हणजे शिवकालीन पत्रांत आगगाडीचा उल्लेख सांपडण्यासारखें आहे.

मग वैद्यकांत गायनाला स्थान नाहीं काय? आहे, आणि तें मोठें मार्मिक आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पंधराव्या अध्यायांत वमनविरेचनापूर्वीं रोग्यासाठीं घर कसें सज्ज करावें हें सांगितलें आहे. सेवेस चतुर परिचारक हवे, तसेच गीत, वाद्य, श्लोक, गाथा, आख्यायिका, इतिहास, पुराण जाणणारे सोबतीही हवे. त्याच यादींत लावे, ससे, हरणें आणि दुभती गायही आहे! गायक येथें रोग्याचा सोबती आहे, औषध नव्हे. सुश्रुताच्या कल्पस्थानांतील सहाव्या अध्यायाचें तर नांवच दुंदुभिस्वनीय. त्यांत विषावरील क्षारागद दुंदुभि, पताका व तोरणें यांस माखावयास सांगितला आहे. त्या दुंदुभीचा नाद कानीं पडल्यानें विष उतरतें, असें फल दिलें आहे. तें आज कोणी खरें मानणार नाहीं. तथापि लेपाची गोष्ट गाळून केवळ 'सुश्रुत नगाऱ्यानें विष उतरवी' असें सांगणारे भेटतात. त्यांनीं मूळ अध्याय उघडलेला नसतो.

आतां घराजवळची गोष्ट. कामशेतहून लोणावळ्यास जातांना मध्यें एकच स्टेशन, मळवली. तेथील भाजें लेण्यांत एक स्त्री जोडवाद्य वाजवीत आहे व दुसरी नाचत आहे, असें शिल्प आहे. त्यालाही कोणी चिकित्सेचा पुरावा म्हणूं नये, एवढेंच जातां जातां. पुढें लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापिलें व योगक्रियांची प्रयोगशाळेंत परीक्षा आरंभिली. हठप्रदीपिकेची चिकित्सक आवृत्ति याच संस्थेनें १९७० सालीं काढली. त्या ग्रंथांत भ्रामरी कुंभक आहे: श्वास घेतांना भुंग्याचा व सोडतांना भुंगीचा नाद करावयाचा. शीतलीनें गुल्म, प्लीहा, ज्वर जातात, उज्जायीनें कफ जातो, असें सांगणारा स्वात्माराम भ्रामरीपाशीं मात्र एकाही रोगाचें नांव घेत नाहीं. चित्तांत आनंद उपजतो, इतकेंच म्हणतो. हा संयम लक्षांत घेण्याजोगा आहे.

स्वीडनांतील वाइट्सबर्ग व लुंडबर्ग या संशोधकांनीं २००२ सालीं असें दाखविलें कीं, शांत निःश्वासाच्या तुलनेनें गुणगुणत सोडलेल्या श्वासांत नाकांतून येणारा नायट्रिक ऑक्साइड वायु सुमारें पंधरापट असतो. कारण कंपनामुळें नाकालगतच्या हाडांतील पोकळ्यांमधली हवा हलते. शोध खरा आहे, पण तो नाकांतील हवेविषयींचा आहे. त्यावरून गोळ्या टाकाव्या, असें निघत नाहीं.

हें सर्व आम्हीं त्या मातोश्रींच्या घरीं जाऊन, पुस्तक पुढें ठेवून सांगितलें. त्यांनीं दोन प्रश्न विचारले, दोन्ही आमच्या विद्यार्थ्यापेक्षां नेमके. दुसऱ्या दिवशीं त्या डॉक्टरांकडे गेल्या व गोळ्या पुन्हां सुरू झाल्या. दरबारीही त्या रात्रीं ऐकतात, आवडतो म्हणून.

वाचकांस एक विनंती. राग व रोग यांची अशी जोडणी असलेलें हस्तलिखित बाड कोणाच्या संग्रहीं असल्यास त्याचा आरंभ, शेवट, पुष्पिका व कागदाचें वर्णन मंडळाकडे कळवावें. पुष्पिका नसल्यास रागांच्या नांवांची नक्कल तरी पाठवावी. काळ ठरविण्यास तीही उपयोगी पडते.