राजाचा तनखा आणि एक तृतीयांश मत

"मामा, हा शिरपा कोण होता रे?"

जव्हारजवळच्या शिरपामाळावर आम्ही उभे होतो. जानेवारीतलं वाळलेलं गवत आणि टोपी सांभाळायला लावणारा वारा. माझी भाची दहा वर्षांची. तिच्या डोक्यात एक धिप्पाड शिरपा तयार झाला होता. मिशीवाला, खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला. त्याला मला नाइलाजाने पुसून टाकावं लागलं.

शिरपा नावाचा माणूस नव्हताच. शिरपेच होता. शिरपेच म्हणजे पागोट्यावर पुढच्या बाजूला खोचायचा दागिना, राजामहाराजांच्या चित्रात दिसतो तो. १६६४ च्या सुरुवातीला शिवाजी महाराज सुरतेकडे निघाले होते, तेव्हा त्यांचा मुक्काम या माळावर पडला. जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना भेटायला आले आणि त्यांनी महाराजांना मानाचा शिरपेच दिला. तेव्हापासून हा शिरपामाळ, असं जव्हारचे लोक सांगतात. आता तिथे महाराजांचं स्मारक आहे.

"मग ते कायमचे दोस्त झाले?"

नाही ना! पुढे राजकारण फिरलं. १६७२ मध्ये महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे फौज घेऊन आले आणि जव्हार स्वराज्यात गेलं. विक्रमशहांना पळ काढावा लागला. शिरपेच देऊन उणीपुरी आठ वर्षं झाली होती.

तेव्हाची रीत तीच होती. दोन राजांत तह व्हायचा, दिवस बदलले की तह मोडायचा. मोडताना कुणाला विचारायचं, किती जणांनी हो म्हणायला हवं, याचा नियम कुठे होता? तुमच्या गल्लीतल्या क्रिकेटसारखंच. बॅट ज्याची, नियम त्याचा!

आता तीनशे वर्षं पुढे उडी मारू. जव्हारचं राज्य मुकणे घराण्याकडे होतं. हे महादेव कोळी राजे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी या डोंगरांवर राज्य केलं. देश स्वतंत्र झाला आणि १९४८ मध्ये जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढे लोकांची मतं मागून लोकसभेत निवडून गेले. राजाने मत मागायचं! विक्रमशहांना हे सांगितलं असतं तर ते हसत सुटले असते.

तेव्हा देशात साडेपाचशेहून जास्त संस्थानं होती. त्यांच्या राजांनी राज्य सोडलं, त्याबदल्यात सरकारने त्यांच्यापैकी अनेकांना दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायचं कबूल केलं. तिला म्हणत 'तनखा'. त्यावर आयकरसुद्धा नाही! आणि हे वचन नुसतं तोंडी नव्हतं. ते थेट भारताच्या संविधानात घातलं होतं, कलम २९१ मध्ये.

"म्हणजे राजाचा पॉकेटमनी!" भाचीने निकाल लावला. मी म्हटलं, चालेल.

पण संविधान म्हणजे काय, हे तिला सांगायला हवं होतं. देश कसा चालवायचा याच्या नियमांचं ते पुस्तक. सरकार कसं निवडायचं, त्याने काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, आणि तुझेमाझे कोणते हक्क कुणी हिरावून घ्यायचे नाहीत, हे सगळं त्यात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष होते. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान मंजूर झालं आणि २६ जानेवारी १९५० पासून लागू झालं. त्या दिवशी आपल्याला शाळेत खाऊ मिळतो, तोच हा दिवस.

मला त्यातली एक गोष्ट भारी वाटते. लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की आपल्याला सगळं आजच सुचणार नाही. म्हणून पुस्तक बदलायचं कसं, हेही त्यांनी त्याच पुस्तकात लिहून ठेवलं, कलम ३६८ मध्ये. त्या बदलाला आपण घटनादुरुस्ती म्हणतो; घटना म्हणजे संविधानच.

"दुरुस्ती? म्हणजे ते मोडलं होतं?"

हा घोळ मराठीचा आहे, माझा नाही. सायकल दुरुस्त, छत्री दुरुस्त, तशी घटना दुरुस्त. प्रत्यक्षात नवी घंटी बसवली तरी दुरुस्ती आणि जुना कॅरियर काढून टाकला तरी दुरुस्तीच. २०२३ पर्यंत अशा १०६ झाल्या.

पण कुणीही पान्हा घेऊन यायचं नाही. नियम कडक आहे. लोकसभा आणि राज्यसभा, दोन्हीकडे वेगवेगळं मतदान. दुरुस्तीच्या बाजूने दोन्हीकडे एकूण सभासदांच्या निम्म्याहून जास्त हवेतच, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी निदान दोन तृतीयांश. काही बाबतींत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचीही संमती लागते.

आता वही काढा. सप्टेंबर १९७० मध्ये राजांचे तनखे बंद करण्याची दुरुस्ती संसदेत आली. इंदिरा गांधींचं सरकार होतं. गरीब देशाने जुन्या राजांना पैसे का द्यायचे, असं त्यांचं म्हणणं. राजे म्हणत, वचन ते वचन. मला विचाराल तर दोन्ही बाजूंत दम होता. लोकसभेत दुरुस्ती पास झाली. राज्यसभेत मतं पडली अशी : बाजूने १४९, विरोधात ७५.

जवळजवळ दुप्पट! पास झाली ना?

भाचीने वाळक्या काडीने मातीत गणित मांडलं. १४९ अधिक ७५, बेरीज २२४. त्याला तीनने भाग, दोनने गुण. उत्तर १४९ पूर्णांक एक तृतीयांश.

ती मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. मत काही तुकड्यात देता येत नाही. म्हणजे १५० हवी होती. दुरुस्ती पडली! एक तृतीयांश मताने!

मग सरकारने दुसरी वाट काढली. राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची 'राजा' ही मान्यताच काढून घेतली. राजा नाही तर तनखा कुणाला? राजे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९७० मध्ये जिंकले. न्यायालयाने तो आदेश रद्द केला. शेवटी निवडणूक झाली, नवी संसद आली, आणि १९७१ च्या अखेरीस सव्विसावी घटनादुरुस्ती नियमाप्रमाणे पुरेशी मतं मिळवून पास झाली. जव्हारपासून हैदराबादपर्यंतचे सगळे तनखे बंद. या वेळी फौज घेऊन कुणी कुणाकडे गेलं नाही.

"मग पुरेशी मतं असली तर काहीही बदलता येतं? निवडणुकाच बंद करून टाकल्या तर?"

हा प्रश्न तिने माळावर नाही, खाली पाड्यात उतरल्यावर विचारला. आम्ही एका घराच्या ओट्यावर पाणी पीत होतो. घर कुडाचं होतं. कारवीच्या काड्या उभ्या बांधून केलेली भिंत, वर शेणमातीचा लेप. एका कोपऱ्यात लेपाचा पोपडा निघाला होता आणि आतल्या काड्या बरगड्यांसारख्या दिसत होत्या. घरातल्या आजी तिथेच ओली माती थापत होत्या. लेप तर सारखाच लावावा लागतो, म्हणाल्या. कारवी किडली की तीही बदलायची. छपराचंही तसंच.

"आणि हा?" भाचीने मधल्या जाड खांबावर हात ठेवला. त्याला मेढ म्हणतात. वर बेचकं असतं आणि त्यात आडवं लाकूड बसतं.

आजी हसल्या. "ती काढशील त घरच बसंल खाली, पोरी."

मला हवं ते उत्तर आजींनीच देऊन टाकलं. १९७३ मध्ये हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. केरळातल्या एका मठाचे प्रमुख केशवानंद भारती यांचा तो खटला. मुंबईचे नानी पालखीवाला त्यांच्या बाजूने लढले. एकदम १३ न्यायाधीश बसले. इतकं मोठं खंडपीठ त्याआधी कधी बसलं नव्हतं आणि त्यानंतरही बसलेलं नाही. निकाल ७ विरुद्ध ६, म्हणजे पुन्हा काठावरच! संसदेला संविधानाचा कुठलाही भाग बदलता येईल, पण त्याची मूळ चौकट मोडता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. लोकशाही, कायद्याचं राज्य, स्वतंत्र न्यायालयं या घराच्या मेढी आहेत. गंमत म्हणजे मेढींची पक्की यादी संविधानात कुठेही नाही. भांडण आलं की ही मेढ की नुसती कारवी, हे न्यायालय ठरवतं.

तो निकाल लागला २४ एप्रिलला. बरोबर वीस वर्षांनी, २४ एप्रिल १९९३ ला, गावोगावच्या पंचायतींना बळ देणारी त्र्याहत्तरावी दुरुस्ती लागू झाली. पण जव्हार-मोखाड्याला नाही! हे दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत येतात. आदिवासी भागांना बाहेरचे नियम सरसकट लावू नयेत, म्हणून ही अनुसूची केली आहे. संविधान सभेत आदिवासींची बाजू ठणकावून मांडणारे जयपाल सिंह मुंडा होते. १९२८ च्या ऑलिंपिकला हॉकीचं सुवर्णपदक जिंकलेल्या आपल्या संघाचे कप्तान! आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती त्यांच्याकडूनच शिका, असं ते सभेत म्हणाले होते.

म्हणून संसदेने १९९६ मध्ये अशा भागांसाठी वेगळा कायदा केला. त्याला सगळे 'पेसा' म्हणतात. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले, म्हणजे अठरा वर्षांनी. इतका उशीर शाळेत कुणी केला असता तर वर्गाबाहेर उभं राहावं लागलं असतं. पेसामुळे एखाद्या पाड्याचीसुद्धा स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. गावातलं तळं, गावचा बाजार, जंगलातला मोह आणि हिरडा, यांबद्दल ती ठरवू शकते. आजी त्या सभेत बसू शकतात, हात वर करू शकतात. त्यासाठी शिरपेच लागत नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम परतीच्या एसटीसाठी राखून ठेवली होती. संविधानाची मूळ प्रत छापलेली नाही. प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी ती हाताने लिहिली. नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्यांनी पानं सजवली. प्रत्येक भागाला एक चित्र. त्यात शिवाजी महाराजही आहेत. कुठल्या भागावर, ओळख पाहू?

"युद्ध!" असा भागच नाही.

"किल्ले!" तोही नाही.

निवडणुका. पंधराव्या भागावर, जिथे प्रत्येक प्रौढ माणसाला मत देण्याचा हक्क सांगितला आहे, तिथे महाराज आहेत आणि शेजारी गुरू गोविंदसिंग.

ती थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसली. मग विचारलं, "मला मत कधी?"

अठराव्या वर्षी. आधी एकविसाव्या वर्षी मिळायचं. १९८८ च्या एकसष्टाव्या दुरुस्तीने ते तीन वर्षं खाली आणलं.

तिने बोटं मोजली. अजून आठ वर्षं. "दुसरी एक दुरुस्ती आणून दहावर आणता येईल का?"

दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं मिळव, म्हटलं. तिने पुढच्या सीटवरच्या दोन मुलांना विचारलं. दोघांनीही हात वर केले. कंडक्टरने मात्र आधी तिकीट मागितलं.