विकाऊ तरीही मुक्त : दुहेरी परवान्याविषयीचे गैरसमज

गडचिरोली-चंद्रपूरच्या एखाद्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्काच्या जंगलाचा नकाशा आखायचा असेल, तर क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठी विनामूल्य मिळते. ते ज्या क्यूटी या सॉफ्टवेअरच्या आधारावर उभे आहे, त्याचे परवाने मात्र ते बनवणारी कंपनी विकतेही. एकच कोड मुक्त परवान्याखालीही द्यायचा आणि पैसे घेऊन वेगळ्या अटींवरही द्यायचा, हा दुहेरी परवाना.

मुक्त सॉफ्टवेअरचे पैसे घेता येत नाहीत, हा सर्वांत जुना गैरसमज. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी 1985 मध्ये ईमॅक्स या मुक्त संपादक-सॉफ्टवेअरच्या टेप 150 डॉलरना विकल्या होत्या. जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रचलित परवानाही किंमत लावायला मनाई करत नाही. अडचण निराळीच आहे : विकत घेणारा तीच प्रत पुढे फुकट वाटू शकतो, त्यामुळे नुसत्या प्रती विकून प्रकल्प फार काळ चालत नाही.

धंद्यासाठी वापर केला की पैसे भरावे लागतात, हेही खरे नाही. चंद्रपूरच्या सर्वेक्षकाने क्यूजीआयएसवर नकाशे करून गिऱ्हाइकाला बिल लावले, तरी तो कोणाचे देणे लागत नाही. पैसे मोजतो तो मुक्त कोड आपल्या उत्पादनात मिसळून विकणारा आणि स्वतःचा कोड झाकून ठेवू पाहणारा. जीपीएलनुसार असे उत्पादन दुसऱ्याला दिले, की त्याचा सगळा कोड त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. या अटीतून मिळणारी सूट हाच खरा विक्रीचा माल; मूळ कोड बहुधा तोच असतो. क्यूटी बनवणाऱ्या नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीने 2000 मध्ये युनिक्ससाठीचे क्यूटी जीपीएलखाली आणले, तेव्हा सशुल्क परवानाही चालू ठेवला. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या कंपनीनेही हीच वाट धरली. 2008 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी सुमारे 1 अब्ज डॉलरना घेतली.

मग प्रत्येक प्रकल्पाने हेच का करू नये? कारण सूट देण्याचा अधिकार फक्त कॉपीराइटच्या मालकाला असतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी तिथला बांबू कोणी एकटा विकू शकत नाही; ग्रामसभेची सर्वसहमती लागते. शेकडो हातांनी लिहिलेल्या कोडचेही तसेच. क्यूजीआयएसचा कॉपीराइट त्याच्या अनेक लेखकांकडे विखुरलेला आहे, म्हणून तो प्रकल्प देणग्या आणि प्रायोजकांवर चालतो. दुहेरी परवाना हवा असेल, तर बाहेरचा कोड घेण्याआधीच लेखी करार करावा. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार, हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. जगभर वापरल्या जाणाऱ्या कोडला हे पुरणारे नाही.

मालक उद्या सगळे बंद करील, ही भीती अर्धीच खरी. पुढच्या आवृत्त्या तो बंद करू शकतो. एकदा मुक्त परवान्याखाली दिलेली आवृत्ती मुक्तच राहते. क्यूटीच्या बाबतीत पुढचाही बंदोबस्त झालेला आहे : क्यूटीवर उभ्या असलेल्या केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासोबत 1998 मध्ये स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाशी असलेल्या करारानुसार, कंपनीने मुक्त आवृत्ती काढणे थांबवले तर प्रतिष्ठान क्यूटी आणखी मोकळ्या परवान्याखाली प्रसिद्ध करू शकते.