बाजारची भाजी फ्रिजमध्ये जाण्याआधी

मेहकर तालुक्यातल्या डोणगावात बाजाराच्या दिवशी घरी आलेली पिशवी बहुतेक घरांत तशीच फ्रिजमध्ये कोंबली जाते. आमच्या शेजारच्या काकू आधी सगळी भाजी जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यावर पसरतात आणि पंखा लावतात. उन्हाळ्यात बाजारातून आलेली पालकाची जुडी हाताला गरम लागते. तोडली तरी भाजीचा श्वास थांबत नाही. त्यातून ऊब आणि वाफ निघतच राहते. ती तशीच प्लॅस्टिकमध्ये बांधून फ्रिजमध्ये ठेवली की पिशवीला आतून थेंब सुटतात आणि सडायला तिथूनच सुरुवात होते.

काकू सर्वांत आधी जुडीचा दोरा सोडतात. दोऱ्याखालचे देठ चेपून काळपट झालेले असतात. ते, पिवळी पानं आणि चिखलाची मुळं बाजूला जातात. मिरच्यांचे देठ खुडले जातात, कारण मिरची बहुधा देठापासूनच नासते. मुळ्याचा पाला लगेच कापायचा, नाहीतर तो मुळ्यातलं पाणी ओढून घेतो आणि मुळा मऊ पडतो. मी पालक धुवायला उचलला तेव्हा त्या म्हणाल्या, “आता नाही धुवाचं. चिराच्या येळी धुवाचं.” पानांच्या घडीत राहिलेलं पाणी एका रात्रीत चिकट होतं. भेंडीचंही तसंच.

निवलेला सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि पालक कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून खालच्या ड्रॉवरमध्ये जातो. पालेभाजीला शून्य ते चार अंश थंडी आणि सुमारे ९५ टक्के दमटपणा लागतो. फ्रिजमधली हवा मात्र कोरडी असते, आणि पंख्यावर चालणाऱ्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये उघड्यावरची पानं फार लवकर सुकतात. बंद ड्रॉवर पानांचा ओलावा धरून ठेवतो आणि फडकं जास्तीचे थेंब टिपतं. पूर्वी इथे रद्दी वापरायचे. छपाईच्या शाईमुळे अन्नाला वर्तमानपत्र लावू नका, असं अन्न सुरक्षा प्राधिकरण सांगतं, आणि फडकं घरात असतंच.

सगळी भाजी आत टाकायची नसते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वांग्याला दहा अंशांखाली गारठा बाधतो; सालीला खड्डे पडतात, बिया काळ्या होतात. टमाट्याची चव जाते. आलूतला स्टार्च थंडीत साखरेत बदलतो, म्हणून तळताना तो काळा पडतो. कांदा-लसण हवेशीर टोपलीत, आलूपासून लांब. पिकलेली केळी सांभाराजवळ ठेवली तर त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने तो पिवळा पडतो.

मग वांगी-टमाटे ऐन उन्हाळ्यात ठेवायचे कुठे? दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात यासाठी विटांचा कप्पा तयार केला: दुहेरी भिंत, मधल्या फटीत वाळू, वर वाळ्याचं किंवा गवताचं झाकण, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. वाळूतलं पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात असा कप्पा बाहेरच्यापेक्षा दहा अंशांनी, कधी त्याहूनही जास्त थंड राहतो. त्याला वीज लागत नाही, त्यामुळे भारनियमनात फ्रिज बंद पडला तरी हा चालू. सावलीत, वारा लागेल अशा जागी बांधावा. पावसाळ्यात हवाच ओली असल्याने तो फारसा थंडावत नाही. तेव्हा भाजी थोडी आणावी आणि वरचेवर आणावी.