नेचेवर्गीय वनस्पतींच्या जनुकसंचाचा अभ्यास : अडचणी आणि उपयुक्तता

प्रस्तावना :
पावसाळ्यात घाटातील ओलसर दरडींवर आणि जुन्या विहिरींच्या भिंतींवर उगवणारे नेचे सर्वांच्याच परिचयाचे आहेत. फुले व बिया नसलेल्या या वनस्पतींचे पुनरुत्पादन बीजाणूंद्वारे होते. त्यांच्या १०,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. ॲराबिडॉप्सिस या सपुष्प वनस्पतीचा जनुकसंच २००० साली प्रसिद्ध झाला. नेच्यांचे पहिले जनुकसंच प्रसिद्ध होण्यास मात्र २०१८ साल उजाडावे लागले. या विलंबाची कारणे व अभ्यासाची फलश्रुती यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विलंबाची कारणे :
नेच्यांमध्ये गुणसूत्रांची संख्या मोठी असते. ए. अब्राहम व सी. ए. निनान या भारतीय संशोधकांनी १९५४ मध्ये ऑफिओग्लॉसम रेटिक्युलेटम या नेच्याच्या पेशीत सुमारे १,२६० गुणसूत्रे नोंदविली. मानवी पेशीत ती केवळ ४६ असतात. शिवाय अनेक नेच्यांमधील डीएनएचे प्रमाणही प्रचंड असते. न्यू कॅलेडोनियातील टमेसिप्टेरिस ऑब्लॅन्सिओलाटा या नेचेवर्गीय वनस्पतीचा जनुकसंच सुमारे १६० अब्ज बेसजोड्यांचा, म्हणजे मानवाच्या सुमारे ५० पट असल्याचे २०२४ मध्ये सिद्ध झाले. जनुकसंच वाचताना डीएनएचे तुकडे वाचून ते क्रमाने जुळवावे लागतात. सारखेच तुकडे वारंवार आले की कोणता तुकडा कोठील, हे ठरविणे दुष्कर होते.

अभ्यासाची वाटचाल :
म्हणूनच आरंभी लहान जनुकसंच असलेले पाणनेचे निवडले गेले. भातशेतीत जैविक खत म्हणून वापरला जाणारा अझोला (सुमारे ७५ कोटी बेसजोड्या) व साल्व्हिनिया (सुमारे २६ कोटी) यांचे जनुकसंच २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. या कार्याचा काही निधी लोकवर्गणीतून उभा राहिला होता, हे उल्लेखनीय आहे. २०२२ मध्ये सेराटोप्टेरिसचा ३९ गुणसूत्रांत विभागलेला, ७ अब्जांहून अधिक बेसजोड्यांचा जनुकसंच वाचण्यात आला. संपूर्ण जनुकसंचाचे पुनःपुन्हा द्विगुणन झाले, एवढ्यानेच नेच्यांच्या जनुकसंचाच्या आकाराचा उलगडा होत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

उपयुक्तता :
पांढरी माशी ही कापसावरील घातक कीड होय. लखनौ येथील राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये टेक्टेरिया नेच्यातील एका प्रथिनाचे जनुक कापसात घालून या किडीस प्रतिकार मिळविला. पुढे साल्व्हिनियाच्या जनुकसंचातही त्याच कुळातील जनुक आढळले आणि ते मूलतः जीवाणूंकडून नेच्यांत आले असावे, असे दिसून आले.

निष्कर्ष :
सदर प्रथिन एका रानटी नेच्यात सापडले, ही बाब महत्त्वाची आहे. जनुकसंच वाचणारी यंत्रे आता उपलब्ध आहेत. परंतु कोणता नेचा वाचावा, हे सांगण्यासाठी तो रानात ओळखणारा अभ्यासक हवा आणि तो नेचा तेथे टिकून राहावयास हवा. म्हणून पश्चिम घाटातील नेच्यांच्या अधिवासाचे रक्षण व महाविद्यालयीन स्तरावर वनस्पतिवर्गीकरणाचे क्षेत्रीय शिक्षण या दोन्ही गोष्टी जनुकसंच-संशोधनाच्या पूर्वअटी ठरतात.