एका शिपायाची रोजनिशी

केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडली की पेडणे तालुक्याच्या अगदी उत्तर टोकास तेरेखोलचा किल्ला लागतो. तटाच्या आत संत अंतोनीचे छोटेसे चर्च आहे. तेथे गुडघे टेकून बाहेर पडणाऱ्या भाविकाच्या मनात हे सहसा येत नाही की, याच तटाच्या आत एकदा भाऊबंदकीच्या कलहात माणसांचे रक्त सांडले आहे.

पोर्तुगालात दों पेद्रू व त्यांचे धाकटे बंधू दों मिगेल यांच्या पक्षांत १८२८ पासून १८३४ पर्यंत गादीसाठी यादवी युद्ध चालले. दों पेद्रूंच्या पक्षाचा जय झाला आणि बेर्नार्दु पेरिस द सिल्वा या गोमंतकीय गृहस्थांची गोव्याच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. येथला कारभार येथल्याच पुत्राच्या हाती येण्याची ती पहिली वेळ. जानेवारी १८३५ मध्ये त्यांनी सूत्रे घेतली. परंतु अवघ्या सतरा दिवसांत लष्करी बंडाने त्यांना पदच्युत केले व त्यांना गोवा सोडावा लागला. त्यानंतरच्या धामधुमीत त्यांचा पक्ष घेणाऱ्या तेरेखोलच्या शिबंदीची कत्तल झाली.

पेरिस द सिल्वांचे नाव इतिहासात राहिले. त्या शिपायांचे काय? ते कोणत्या गावचे, त्यांच्या वाटेकडे डोळे लावून कोण बसले होते, शेवटच्या रात्री त्यांनी कोणती प्रार्थना म्हटली? त्यांच्यापैकी कोणाचीही रोजनिशी आमच्या वाचनात आलेली नाही. म्हणूनच दूर देशीच्या एका शिपायाची रोजनिशी वाचताना आमचे मन वारंवार तेरेखोलकडे वळत राहिले.

त्या शिपायाचे नाव एलिशा हंट ऱ्होड्स. जन्म १८४२ चा, अमेरिकेतील ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यातला. वडील जहाजाचे कप्तान. १८५८ मध्ये ते समुद्रातच बुडाले आणि घरचा भार या मुलावर पडला. एका कचेरीत कारकुनी करून तो आईला हातभार लावू लागला. १८६१ मध्ये उत्तर व दक्षिण राज्यांत युद्ध पेटले, तेव्हा त्याला सैन्यात जावेसे वाटले. विधवा आईने प्रथम नकार दिला. आपल्याकडील कोणती माता याहून वेगळे वागली असती? अखेर तिने जड अंतःकरणाने संमती दिली आणि एकोणीस वर्षांचा एलिशा साधा शिपाई म्हणून भरती झाला.

चार वर्षे तो लढत राहिला व लिहीत राहिला. बुल रनच्या पहिल्या लढाईत त्याच्या पलटणीचा कर्नल पडला. पुढे अँटिएटम, फ्रेडरिक्सबर्ग, गेटिसबर्ग अशी नावे त्याच्या पानांवर येतात; परंतु त्यांच्या शेजारीच चिखल, थंडी, शिधा, घरची आठवण आणि छावणीतल्या प्रार्थनासभा यांच्याही नोंदी येतात. तो प्रॉटेस्टंट होता. तरी तंबूत देवाचे नाव घेणारा हा तरुण आपल्याला परका वाटत नाही. २ जुलै १८६३ रोजी त्याचे सैन्य रात्रभर तीसहून अधिक मैल चालून गेटिसबर्गला पोहोचले. त्याच दिवशी त्याच रणभूमीवर फादर विल्यम कॉर्बी यांनी एका शिळेवर उभे राहून आयरिश पलटणींना सामुदायिक पापक्षमा दिली. क्षमेचे शब्द ऐकून उठलेल्यांपैकी कित्येक जण थोड्याच वेळात देवाघरी गेले.

सहा लाखांहून अधिक सैनिक त्या युद्धात मृत्युमुखी पडले. गुलामगिरी मोडली, हे खरे. पण किंमत केवढी! ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेच्या मुख्य सेनापतीने शरणागती पत्करली. त्या दिवशीच्या नोंदीत विजयाचा आनंद आहेच. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट आहे. शत्रूचे सैनिक उपासमारीने अर्धमेले झाले होते, आणि ऱ्होड्सच्या माणसांनी आपल्याजवळचा शिधा त्यांना वाटून दिला. काल ज्यांच्यावर गोळी झाडली, त्यांच्याच हाती आज भाकर! शुभवर्तमानातील शत्रुप्रेमाची शिकवण याहून साध्या शब्दांत क्वचितच आचरली गेली असेल.

साधा शिपाई म्हणून गेलेला एलिशा कर्नल होऊन परतला आणि १९१७ मध्ये वारला. त्याच्या पणतूने ती रोजनिशी १९८५ मध्ये पुस्तकरूपाने छापली. घरच्यांनी ती वह्यापाने जपली नसती, तर भाकरीची ती गोष्ट आज कोणाला कळली असती?

वाचकहो, पेडणे-डिचोलीतल्या, तसेच सीमेपलीकडच्या सावंतवाडीतल्या आपल्या घरांतूनही माणसे पलटणीत गेली, बोटीवर गेली, आफ्रिकेत गेली. त्यांची पत्रे आजीच्या पेटीत, एखाद्या जुन्या प्रार्थनापुस्तकाच्या पानांत अजून पडून असतील. घर शाकारताना ती रद्दीत टाकू नका. वाळवी लागण्याआधी बाहेर काढा, मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि कोणाचे पत्र, कोणत्या सालचे, हे वेगळ्या कागदावर लिहून त्यासोबत ठेवा.

आणि येत्या २ नोव्हेंबरला, सकल मृतांच्या स्मरणदिनी, आपल्या पितरांची नावे घेऊन झाली की तेरेखोलच्या त्या शिपायांसाठीही एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणा. त्यांची नावे आपल्यापाशी नाहीत. परंतु ज्याच्यापाशी आपण प्रार्थना करतो, त्याला ती सारी ठाऊक आहेत.